जर्मन चिद्वादातील स्वातंत्र्य

कांट, फिख्टे, शेलिंग व हेगेल यांच्या तत्त्वज्ञानातील मध्यवर्ती संकल्पना. मनाला येईल ते करण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य, हा अर्थ चौघांनाही तोकडा वाटतो.

निसर्गातील प्रत्येक घटना कारणांनी बांधलेली असेल, तर माणसाला त्याच्या कृत्याचा जाब कसा विचारायचा? कांटने ‘शुद्ध विवेकाची चिकित्सा’ (१७८१) या ग्रंथात कार्यकारणाचा नियम अनुभवाच्या जगापुरता मर्यादित केला. त्यामुळे स्वातंत्र्य अशक्य नाही, एवढेच ठरले. पुढचे पाऊल १७८८ च्या दुसऱ्या चिकित्सेत पडते. तिथले त्याचे उदाहरण असे : राजाने एका माणसाला फाशीची धमकी देऊन निरपराध्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला फर्मावले. तो नकार देईलच, हे त्याला स्वतःलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण नकार देणे शक्य आहे, हे तो निमूट कबूल करील. कर्तव्याच्या जाणिवेतूनच आपण स्वतंत्र असल्याचे त्याला उमगते. स्वतःच्या विवेकाने घातलेला नियम पाळणे, म्हणजे स्वायत्तता, हे कांटचे स्वातंत्र्य होय.

फ्रेंच राज्यक्रांतीचा उघड समर्थक असलेल्या फिख्टेने आपली प्रणाली ही स्वातंत्र्याची पहिली प्रणाली असल्याचे सांगितले. त्याच्या मते ‘मी’ ही वस्तू नसून कृती आहे आणि बाह्य जगाचा अडथळा तिला कर्तृत्वासाठी लागतोच. निरीश्वरवादाच्या आरोपावरून उठलेल्या वादात १७९९ मध्ये त्याचे येना विद्यापीठातील अध्यापकपद गेले.

विवेकाने वागणे म्हणजे स्वातंत्र्य, तर जाणूनबुजून केलेल्या दुष्कृत्याचे काय? कांटही या प्रश्नाशी झगडला होता, पण शेलिंगने १८०९ च्या निबंधात त्यालाच केंद्रस्थान दिले. मानवी स्वातंत्र्य हे चांगले आणि वाईट या दोहोंचे सामर्थ्य आहे, असे तो म्हणतो. निबंध दुर्बोध आहे. तरी या परंपरेतील सर्वांत धाडसी लिखाण हेच म्हणावे लागेल.

हेगेलने स्वातंत्र्याला एकट्या मनातून बाहेर काढले. दुसऱ्यात असतानाही स्वतःपाशी असणे, ही त्याची कल्पना. प्रेम व मैत्री ही तिची साधी रूपे. ‘हक्काचे तत्त्वज्ञान’ (१८२१) या ग्रंथात कुटुंब, नागरी समाज व राज्य यांतून ते साकारते. राज्याला त्याने दिलेल्या स्थानामुळे त्याच्यावर प्रशियाची भाटगिरी केल्याचा आरोप झाला. तो एकांगी आहे. संपत्ती वाढत असतानाच नागरी समाज दारिद्र्यही निर्माण करतो, हे हेगेलने त्याच ग्रंथात नोंदवले. दानधर्म आणि सार्वजनिक कामे हे दोन्ही उपाय तपासले आणि दोन्ही अपुरे ठरवले.