ग्रेटफुल डेडच्या रात्री आणि ध्वनिफितींचा कौल

ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियातील वाद्यवृंदाने 1965 ते 1995 या तीस वर्षांत सुमारे 2,300 जाहीर कार्यक्रम केले आणि त्यांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, याविषयी त्याच्या श्रोत्यांमध्ये आजही एकमत नाही. आवडत्या कलाकाराची कोणती तबकडी उत्तम, यावर चाहत्यांनी वाद घालणे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात नेहमीचेच आहे. येथे मात्र स्टुडिओत सिद्ध झालेल्या तबकड्या वादाच्या कडेला राहिल्या आणि तारीख, गाव व सभागृह यांनी ओळखली जाणारी एकेक रात्र हीच मूल्यमापनाची वस्तू ठरली. हे कसे घडले याचा इतिहास जितका संगीताचा आहे तितकाच ध्वनिमुद्रणाचाही आहे, कारण कोणत्या रात्रीला कीर्ती लाभली आणि कोणती मागे पडली, याचा निर्णय त्या रात्रीच्या वादनाइतकाच तिच्या फितीच्या नशिबानेही केला आहे.

हा वृंद 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील मेन्लो पार्क व पालो आल्टो या गावांच्या परिसरात प्रथम ‘वॉरलॉक्स’ या नावाने उभा राहिला. त्याचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया बॅन्जोवर ब्लूग्रास हे ग्रामीण अमेरिकन संगीत वाजवत आलेला, रॉन मॅककर्नन ऊर्फ पिगपेन कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकीत मुरलेला, तर बास गिटार हाती घेणारा फिल लेश हा मूळचा ट्रम्पेटवादक असून मिल्स कॉलेजात लुचानो बेरियो या इटालियन संगीतकाराकडे आधुनिक रचनाशास्त्र शिकलेला होता. तरुण गिटारवादक बॉब वेअर आणि ड्रमवादक बिल क्रॉइट्झमन हे उरलेले दोघे. इतक्या वेगळ्या वाटांनी आलेले लोक एकत्र बांधले गेले ते 1965 च्या अखेरीस कादंबरीकार केन केसी आणि त्याच्या मित्रमंडळींनी भरवलेल्या ‘अ‍ॅसिड टेस्ट’ या मेळाव्यांमुळे. तेथे एलएसडी हे संवेदना आणि काळाची जाणीव पालटून टाकणारे रसायन खुलेपणाने घेतले जाई (कॅलिफोर्नियात त्यावर ऑक्टोबर 1966 मध्ये बंदी आली) आणि या अनुभवाशी जोडलेल्या संगीतालाच पुढे सायकेडेलिक म्हटले गेले. वृंदाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या मेळाव्यांत तो मुख्य आकर्षण नव्हता, त्यामुळे त्याने किती वेळ वाजवावे, काय वाजवावे, मध्येच थांबावे की नाही, याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नव्हते. संगीतात चुकण्याची मोकळीक मिळाल्यावाचून त्याला पुढे आलेली शैली सापडली नसती.

या शैलीचा गाभा म्हणजे जॅम, अर्थात गाण्याची बांधलेली चाल संपल्यावर किंवा दोन कडव्यांच्या मधल्या जागेत सर्व वादकांनी पूर्वी न ठरवता, एकमेकांचे ऐकत केलेला सामूहिक विस्तार. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला त्यात उपजेची आठवण होईल, परंतु मुख्य कलाकार आणि साथीदार अशी विभागणी येथे नव्हती. लेशचा बास गिटारच्या मागे चालण्याऐवजी तिच्याशी स्वतंत्र संवाद करी आणि केव्हा कोणता सूर सर्वांना ओढून नेईल हे कोणालाच ठाऊक नसे. ‘डार्क स्टार’ या गीताचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1968 मध्ये ते छोट्या तबकडीवर आले तेव्हा तीन मिनिटांतच आटोपले होते. 1969 च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात वाजलेले आणि त्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या संचात प्रसिद्ध झालेले तेच गीत सुमारे तेवीस मिनिटांचे आहे. गाण्यांचा क्रम दर रात्री बदले आणि एकच गाणे दोन रात्री सारखे वाजत नसे, त्यामुळे एक कार्यक्रम ऐकलेल्या श्रोत्याला दुसरा ऐकण्याची गरज संपत नसे. अशा फिरत्या, निष्ठावान श्रोत्यांनाच पुढे ‘डेडहेड’ हे नाव पडले.

कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याची सवय वृंदाला लावली ती ऑस्ली स्टॅन्ली ऊर्फ बेअर याने. एलएसडी तयार करणारा रसायनज्ञ म्हणून त्याचे नाव गाजले असले, तरी वृंदाचा ध्वनितंत्रज्ञ म्हणून त्याने केलेले काम अधिक टिकाऊ ठरले. आपण सभागृहात साधलेला आवाज कसा उमटला हे तपासण्यासाठी तो रोजच्या वादनाची फीत ठेवी. त्या फिती मुळात कामाच्या नोंदी होत्या, पण त्यांतूनच वृंदाच्या संग्रहाचा पाया घातला गेला. बेअरच्या ध्वनिविचाराची परिणती 1974 मधील ‘वॉल ऑफ साउंड’ या यंत्रणेत झाली. सुमारे 600 स्पीकरांची ही भिंत वादकांच्या पाठीमागे उभी राही, प्रत्येक वाद्यासाठी तिच्यात स्वतंत्र विभाग असे आणि त्यामुळे वादकांना व श्रोत्यांना एकच आवाज, मोठा पण स्वच्छ, ऐकू येई. तो सारा आवाज पाठीमागून गायकांच्या मायक्रोफोनमध्येही शिरणार हे उघड होते, म्हणून प्रत्येक गायकासमोर उलट जोडणीचे दोन मायक्रोफोन ठेवून एकातच गायले जाई, जेणेकरून दोहोंत समान पोचणारा आवाज परस्पर रद्द होऊन केवळ गळा उरावा. ही योजना बुद्धिमान होती आणि विलक्षण खर्चिकही. तिची ने-आण, उभारणी व माणसे यांचा भार असह्य झाल्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात विंटरलँड सभागृहातील पाच रात्रींनंतर वृंदाने दीर्घ विश्रांती घेतली.

दरम्यान श्रोत्यांनीही स्वतःची यंत्रे आणण्यास आरंभ केला होता. टेपर म्हणून ओळखले जाणारे हे लोक प्रथम यंत्र कोटाखाली वा पिशवीत लपवून नेत आणि वृंदाच्या कर्मचाऱ्यांशी त्यांचे खटकेही उडत. 1970 च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये लेस किपेल याने फितींच्या मोफत देवाणघेवाणीचे मंडळ सुरू केले आणि 1974 मध्ये त्यातूनच ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. या व्यवहाराचा एक अलिखित दंडक होता: फीत विकायची नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नसे अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवावा आणि अनोळखी माणसाने त्याच्यासाठी तासन्‌तास बसून प्रती करून द्याव्यात, हा शिष्टाचार अमेरिकेसारख्या व्यापारप्रधान देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर टिकला, ही या परंपरेतील सर्वांत आदरणीय गोष्ट होय. वृंदाने 27 ऑक्टोबर 1984 रोजी बर्कली येथील कार्यक्रमापासून टेपरांना ध्वनिमिश्रकाच्या मागे स्वतंत्र जागाच नेमून दिली, आणि त्या दिवसापासून मायक्रोफोनांच्या उंच काठ्यांचे दाट रान हे प्रत्येक कार्यक्रमाचे दृश्य बनले.

प्रतीवरून प्रत काढताना दर पिढीला खरखर वाढत जाते, म्हणून फितीची किंमत ती मूळ फितीपासून कितवी प्रत आहे यावर ठरे. शिवाय फितींचे दोन घराणेवजा प्रकार होते. ध्वनिमिश्रकातून थेट उतरवलेल्या फितीत प्रत्येक वाद्य स्वच्छ व जवळचे वाटते, पण सभागृह नाहीसे होते. श्रोत्यांत बसून केलेल्या फितीत आवाज थोडा दूरचा असला, तरी वास्तूचा घुमारा आणि गर्दीची दाद त्यात उतरते. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, वादकांनी काय केले हे कळणे महत्त्वाचे. दुसऱ्या पक्षाच्या मते श्रोत्यांवाचून हे वादन घडलेच नसते, तेव्हा त्यांना वगळणारी फीत अपुरी आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक खोल आहे, तरीही कीर्ती बहुधा पहिल्या प्रकारच्या फितींना मिळाली.

कालखंडांविषयीचा वाद याच फितींच्या आधाराने चालतो. 1968 ते 1970 चे उग्र, धगधगते वादन मानणारा एक वर्ग आहे. दुसरा 1972 ते 1974 या वर्षांचा, ज्यात युरोपचा दौरा आणि 27 ऑगस्ट 1972 रोजी ऑरेगॉनमधील वेनिटा येथे एका दुग्धशाळेच्या मदतीसाठी रणरणत्या उन्हात झालेला कार्यक्रम येतो. या दोन खंडांमधील भेदाचे मूळ एका माणसाच्या येण्याजाण्यात आहे आणि तेथे या इतिहासाचा मुंबईशी खरा संबंध जुळतो. 1967 च्या सप्टेंबरात दुसरा ड्रमवादक म्हणून आलेल्या मिकी हार्टवर मुंबईचे तबलावादक उस्ताद अल्ला रखा यांचा निर्णायक प्रभाव पडला. त्यांच्याकडून मिळालेली आवर्तनाची जाण, वेगवेगळ्या मात्रांचे हिशेब एकाच वेळी चालवून समेवर भेटण्याची कल्पना, त्याने क्रॉइट्झमनबरोबरच्या रियाजात आणली. ‘लाइव्ह/डेड’मधील अकरा मात्रांची ‘द इलेव्हन’ ही रचना अशा वातावरणात घडली. पुढे माहीमला वाढलेले झाकीर हुसेन आणि हार्ट यांच्या ‘डीगा ऱ्हिदम बँड’ची 1976 मध्ये ‘डीगा’ ही तबकडी निघाली, आणि 1991 च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला तर विश्वसंगीताच्या विभागातील पहिला ग्रॅमी पुरस्कार लाभला.

हार्ट 1971 च्या फेब्रुवारीत वृंदातून बाहेर पडला आणि 1974 च्या विंटरलँडमधील अखेरच्या रात्रीच परतला. मधल्या वर्षांत क्रॉइट्झमन एकटा असल्याने लय हलकी, वळणारी आणि जॅझच्या जवळ जाणारी झाली; दोन ड्रमवादक आले की वजन व व्याप वाढे, मात्र चटकन दिशा बदलणे अवघड होई. 1974 चे चाहते आणि दोन ड्रमवादकांसह वाजलेल्या 1977 चे चाहते यांच्यातील मतभेद पुष्कळ अंशी या एका गोष्टीवर येऊन थांबतो.

1977 चा विषय निघाला की कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील 8 मे ची रात्र टाळता येत नाही. त्या वर्षाच्या आरंभी ‘टेरापिन स्टेशन’ या तबकडीसाठी निर्माता कीथ ओल्सन याने वृंदाला, विशेषतः दोन्ही ड्रमवादकांना, कठोर शिस्तीने बसवून घेतले होते आणि वसंतातील दौऱ्यात ती घोटाई स्पष्ट दिसते. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये होणारे संक्रमण आणि शेवटच्या भागातील ‘मॉर्निंग ड्यू’चा चढत जाणारा कळस यांसाठी ही रात्र अनेकांना सर्वश्रेष्ठ वाटते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 2012 मध्ये तिचा समावेश जाहीर केला. परंतु त्याच दौऱ्यात दुसऱ्या दिवशी, 9 मे रोजी बफेलो येथे झालेला कार्यक्रम तितकाच, किंबहुना अधिक सरस आहे असे म्हणणारे जाणकार कमी नाहीत, आणि त्या रात्रीच्या आरंभीचे ‘हेल्प ऑन द वे’पासून ‘फ्रँकलिन्स टॉवर’पर्यंतचे सलग वादन ऐकणाऱ्याला त्यांचे म्हणणे फेटाळता येत नाही.

मग कॉर्नेलच का? त्याचे उत्तर बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ स्त्रीच्या कामात आणि तिच्या दुर्दैवात आहे. ध्वनिमिश्रणाच्या क्षेत्रात स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच अशा काळात तिने वृंदाच्या असंख्य रात्री इतक्या समतोल व उबदार उतरवल्या की, त्या फितींना तिच्याच नावाने ‘बेटी बोर्ड्स’ म्हटले जाते. भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या तिच्या फिती भाडे थकल्यामुळे 1986 मध्ये लिलावात निघाल्या, परक्यांच्या हाती गेल्या आणि लवकरच टेपरांमध्ये पसरल्या. बार्टन हॉलच्या श्रोत्यांपेक्षा कितीतरी पट अधिक लोकांना ही रात्र घरच्या कॅसेटवर, अल्प पिढ्यांच्या स्वच्छ प्रतीतून भेटली, आणि पुष्कळांच्या संग्रहातील पहिल्या काही फितींत ती असल्याने इतर रात्री तिच्याच मापाने मोजल्या जाऊ लागल्या. याने त्या वादनाचे मोल उणावत नाही. मात्र जिची चांगली फीतच उरली नाही अशी एखादी रात्र तिच्याहून श्रेष्ठ असू शकेल, हे या वादात मानले पाहिजे. आणि ज्या स्त्रीच्या कानामुळे हा वाद शक्य झाला तिला त्या काळी या कीर्तीतून काहीच मिळाले नाही, हेही नोंदले पाहिजे.

1987 मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गीत अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोचले. गर्दी वाढली, तिकिटाविना वाहनतळावर जमणारे लोक वाढले, आणि जुलै 1995 मध्ये इंडियानातील डिअर क्रीक येथे कुंपण मोडून घुसलेल्या जमावामुळे दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. गार्सिया 9 ऑगस्ट 1995 रोजी वारला आणि वृंद विसर्जित झाला. त्यापूर्वीच वृंदाने आपल्या संग्रहाची दारे उघडली होती: एके काळी स्वतःच फिती जमवणारा श्रोता असलेला संग्रहपाल डिक लाटव्हाला याने 1993 मध्ये सुरू केलेली निवडक कार्यक्रमांची ‘डिक्स पिक्स’ ही मालिका 36 खंडांपर्यंत गेली. आता निवड करणारा एक आणि ऐकणारे हजारो, असे झाल्याने वादाला नवे तोंड फुटले. 2005 च्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरील संग्रहातून फिती उतरवून घेण्याची सोय वृंदाच्या वतीने बंद करण्यात आली, तेव्हा तर मोफत देवाणघेवाणीचा जुना शब्दच मोडला, अशी श्रोत्यांची भावना झाली. तीव्र विरोधानंतर श्रोत्यांनी केलेल्या फिती पुन्हा खुल्या झाल्या, ध्वनिमिश्रकाच्या फिती केवळ ऐकण्यापुरत्या उरल्या. उरलेल्या वादकांपैकी काहींनी 2015 मध्ये जॉन मेयर या गिटारवादकासह उभारलेल्या ‘डेड अँड कंपनी’विषयी मतभेद वेगळ्या प्रकारचा आहे: लय फार संथ झाली, असा जुन्यांचा आक्षेप आहे, तर गार्सियाला कधीच पाहू न शकलेल्या पिढीला हे संगीत समक्ष ऐकण्याची वाट त्यानेच दिली.

कॉर्नेलची मूळ फीत अनेक दशके वृंदाच्या संग्रहात नव्हतीच. ती व तिच्या सोबतच्या फिती परत आल्यावर 2017 च्या मे महिन्यात, चाळीस वर्षे पूर्ण होताना, न्यू हेवन, बॉस्टन, कॉर्नेल आणि बफेलो हे चार कार्यक्रम एकाच संचात, सारख्याच तांत्रिक दर्जाने प्रसिद्ध झाले, त्यामुळे फितीचा फायदा-तोटा प्रथमच वजा झाला आणि दोन सलग रात्रींची तुलना न्याय्य रीतीने करणे शक्य झाले. तथापि, प्रकाशकांनी स्वतंत्र संच म्हणून त्याच वेळी विकायला काढली ती कॉर्नेलचीच रात्र. बफेलोला वेगळी तबकडी मिळण्यासाठी 2020 उजाडावे लागले.