हिस्टोनवरील रासायनिक खुणा : एका प्रश्नाचा इतिहास

तुमच्या यकृतातील पेशीत आणि मेंदूतील पेशीत डीएनए जवळपास एकसारखाच असतो. तरीही एक पेशी पित्त तयार करते आणि दुसरी संदेश वाहते. याचा अर्थ, प्रत्येक पेशीत काही जनुके चालू आणि काही बंद असतात. हे चालू-बंद करण्यात हिस्टोन या प्रथिनांचा वाटा आहे. तो कसा उलगडत गेला, हे आपण या टिपणात पाहू. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते का?

१८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींतून हे प्रथिन वेगळे केले आणि त्याला हिस्टोन हे नाव दिले. पक्ष्यांची निवड का? माणसाच्या प्रौढ लाल पेशीत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशीत असते. हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन भरपूर असल्याने त्यावर धनभार असतो, तर डीएनएवर ऋणभार. त्यामुळे दोन्ही एकमेकांना घट्ट धरून राहतात. साहजिकच, हिस्टोन म्हणजे डीएनए गुंडाळण्याचे रीळ, अशी समजूत बराच काळ होती.

१९६२ मध्ये हुआंग आणि बॉनर यांनी वाटाण्याच्या पेशींवरील प्रयोगांतून दाखवले की हिस्टोन आरएनएची निर्मिती दाबतात. पण दाब कायमचा असेल, तर जनुक चालू कसे होणार? १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री, फॉकनर आणि मर्स्की यांनी एक उत्तर सुचवले. हिस्टोनला ॲसिटिल गट जोडला की त्याची आरएनएनिर्मिती रोखण्याची क्षमता घटते, असे त्यांना आढळले. लायसिनला ॲसिटिल गट जोडल्यावर त्याचा धनभार नाहीसा होतो, म्हणून पकड सैल होत असावी. मात्र त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘संभाव्य’ हा शब्द ठेवला. तो योग्यच होता, कारण जिवंत पेशीत ही खूण जनुक चालू करते, की जनुक चालू झाल्यामुळे खूण उमटते, हे अजून सिद्ध व्हायचे होते.

१९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी न्यूक्लिओसोमची रचना मांडली. आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ जोड्यांचे वेढे असतात आणि हिस्टोनची शेपटासारखी टोके बाहेर डोकावतात. या टोकांचे महत्त्व मायकेल ग्रुनस्टाइन यांनी यीस्टमध्ये तपासले. त्यांच्या गटाने १९८८ मध्ये हिस्टोनचा पुरवठा तोडला, तेव्हा बंद जनुके चालू झाली. पुढे १९९१ मध्ये एच४ या हिस्टोनचे टोक कापल्यावर काही जनुके नीट चालू होईनाशी झाली. हिस्टोन हे नुसते रीळ नाही, हे जिवंत पेशीत दिसले.

खूण लावतो कोण, याचे उत्तर १९९६ मध्ये मिळाले. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने टेट्राहायमिना या एकपेशीय जीवातून ॲसिटिल गट जोडणारे विकर शोधले. ते यीस्टमधील जीसीएन५ या प्रथिनाशी जुळले. आणि जीसीएन५ जनुके चालू करण्यास मदत करते, हे आधीच माहीत होते. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने तो गट काढणारे विकर शोधले. तेही जनुक-नियंत्रणात गुंतलेल्या यीस्टमधील आरपीडी३ या प्रथिनाचे नातलग निघाले. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माहिती इथे एकत्र आली.

मग मेथिलीकरणाने गोष्ट गुंतागुंतीची केली. मेथिल गट लायसिनचा धनभार घालवत नाही. तरीही एच३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवरील तीन मेथिल गट चालू जनुकांच्या आरंभाशी आढळतात, तर सत्ताविसाव्या लायसिनवरील तीन मेथिल गट बंद जनुकांवर. म्हणजे केवळ भाराचे गणित पुरेसे नाही. खूण कुठे आहे आणि ती ओळखून तिथे कोणते प्रथिन येऊन बसते, यावर परिणाम ठरतो.

२००७ पासून प्रतिपिंडांनी खुणा असलेले डीएनएचे तुकडे वेगळे करून, त्यांचे अनुक्रम वाचून, संपूर्ण जीनोमचे नकाशे तयार होऊ लागले. पण नकाशा फक्त साहचर्य दाखवतो. व्होल्टमीटरचा काटा विभवांतराबरोबर हलतो, म्हणून काटा विभवांतर निर्माण करत नाही. एच३च्या छत्तिसाव्या लायसिनवरील मेथिल खूण याचे उदाहरण आहे : यीस्टमध्ये ती लावणारे विकर आरएनए पॉलिमरेजला चिकटून जाते आणि जनुक वाचले जात असताना खूण लावते. इथे खूण वाचनाच्या मागून येते.

उलट बाजूचा पुरावा २०१५ मध्ये आला. कापण्याची क्षमता काढून घेतलेल्या कॅस९ला ॲसिटिल गट जोडणारा भाग लावून तो निवडक ठिकाणी पाठवला, तेव्हा तिथली जनुके चालू झाली. म्हणजे काही खुणा कारण असतात, काही परिणाम, आणि प्रत्येक वेळी ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ॲसिटिल गट काढणारी विकरे रोखणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका टी-पेशी कर्करोगासाठी मान्य झाले. असे औषध एकाच जनुकावर नव्हे, तर एकाच वेळी अनेक जनुकांवर परिणाम करते. म्हणून कोणती खूण कारण आहे हे कळणे रुग्णाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

स्वाध्याय : एखादी खूण चालू जनुकांवर नेहमी आढळते, असे तुम्हाला नकाशात दिसले. ती कारण आहे की परिणाम, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणता प्रयोग कराल? आणि कोणता निकाल आला, तर तुमचा अंदाज चुकला असे मानाल?