नंदलाल बोस : अजिंठा लेणी ते संविधानाची पाने

भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतील चित्रे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली साकारली, ते चित्रकार नंदलाल बोस यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधील खरगपूर येथे झाला. कोलकात्यात अवनींद्रनाथ टागोर हे त्यांचे गुरू. जपानी चित्रकारांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी जलरंगाची 'वॉश' पद्धत घडवली होती. रंग लावायचा, कागद पाण्यात भिजवायचा, वाळला की पुन्हा रंग द्यायचा. त्यामुळे चित्रावर धुक्यासारखा मऊपणा येतो. नंदलाल यांची सुरुवातीची चित्रे याच पद्धतीची आहेत.

1909 मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर ते अजिंठ्याला आले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. या प्रतिकृतींचा ग्रंथ 1915 मध्ये प्रकाशित झाला. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कोरड्या गिलाव्यावर खनिज रंग वापरले. त्यांची खरी ताकद रेषेत आहे. एका वळणदार रेषेने ते खांद्याची गोलाई आणि चेहऱ्यावरची करुणा दाखवतात. पुढे नंदलाल यांच्या चित्रांतले धुके विरत गेले आणि रेषा ठळक झाली. 1921 मध्ये त्यांनी मध्य प्रदेशातील बाघ येथील बौद्ध लेण्यांच्या चित्रांच्याही प्रतिकृती केल्या.

1922 पासून 1951 पर्यंत ते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख होते. 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी शेतकरी, वादक, भात कांडणाऱ्या स्त्रिया अशी कष्टकरी माणसे रंगवली. लेण्यांत शिकलेली रेषा आता श्रमणाऱ्या माणसांची झाली होती.

संविधानाचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले. चित्रांचे काम नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी केले. उद्देशिकेच्या पानाची सजावट ब्योहार राममनोहर सिन्हा यांची आहे. पाचव्या भागाच्या आरंभी तथागत बुद्धांच्या जीवनातील प्रसंग, सातव्या भागावर सम्राट अशोकांचा धम्मप्रसार, तर दहाव्यावर नालंदा विद्यापीठ आहे. रामायण, महावीर, अकबर, छत्रपती शिवाजी महाराज, टिपू सुलतान आणि गांधीजीही याच प्रतीत आहेत. समाजमाध्यमांवर यातले एखादेच पान फिरवून संविधानाला एका धर्माचा रंग दिला जातो. अशा वेळी सर्व बावीस भागांची चित्रे एकत्र दाखवणे हे आपले काम आहे. ही चित्रे म्हणजे कलमे नव्हेत. संविधानाचा अर्थ त्याच्या शब्दांत आणि बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेल्या मांडणीत शोधावा लागतो.

नंदलाल यांना 1954 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 16 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले. अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रकारांची नावे नाहीत, पण त्यांची रेषा नंदलाल यांच्या हातून विसाव्या शतकात आली. आपले अनेक तरुण लेण्यांत जातात, फोटो काढतात आणि परततात. पुढच्या लेणी अभ्यास सहलीत सोबत वही-पेन्सिल ठेवावी आणि एखाद्या तरी चित्रासमोर शांत बसून रेघ ओढून पाहावी. हा वारसा आपला आहे असे म्हणताना तो हातानेही शिकायला हवा.