हृदयप्रत्यारोपण, बालकांमधील

औषधांनी वा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेने न सावरणारे बालकाचे हृदय काढून त्या जागी मेंदूमृत दात्याचे हृदय बसविण्याची शस्त्रक्रिया. कार्डिओमायोपॅथी हा हृदयस्नायूंचा विकार आणि गुंतागुंतीचे जन्मजात हृदयदोष ही तिची मुख्य कारणे.

महाराष्ट्रात शल्यकौशल्य फार आधी आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातील पहिल्या प्रयोगानंतर अडीच महिन्यांतच, हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण मात्र वाचला नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला. आजही खरी अडचण दात्यांची आहे. लहान छातीत प्रौढाचे हृदय मावत नाही, म्हणून दाताही बहुधा बालकच लागतो. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या १४ महिन्यांच्या बाळाचे हृदय विमानाने आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात एका लहान मुलीला बसविले गेले, ते त्या बाळाच्या आईवडिलांनी होकार दिला म्हणूनच. काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पहून कसारा घाटमार्गे मुंबई गाठणे ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याने, या वेळेत शक्य आहे. त्यामुळे रस्त्यापेक्षा निर्णायक ठरतात त्या आधीच्या गोष्टी: नाशिक परिसरातील अतिदक्षता विभागांत मेंदूमृत्यू वेळीच ओळखणे, कायद्याप्रमाणे किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करणे आणि शोकात बुडालेल्या पालकांशी बोलू शकणारा प्रशिक्षित समन्वयक असणे.

हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुले उपचाराविना असताना एवढा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. छिद्र बुजविण्याची शस्त्रक्रिया त्यांना आधी मिळालीच पाहिजे. पण ज्या मुलाचा स्नायूच निकामी झाला, त्याला तिचा उपयोग नाही. शिवाय चांगला बालअतिदक्षता विभाग दोघांनाही लागतो. नवे हृदय जन्मभर पुरत नाही, हेही खरे. शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे कायम घ्यावी लागतात, पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. तरीही आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार तान्हेपणी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वीस वर्षांपलीकडे जगतात. मुलाच्या आयुष्यात वीस वर्षे म्हणजे सारे शिक्षण आणि तारुण्याची सुरुवात.

बर्लिन हार्ट हा शरीराबाहेरील पंप प्रतीक्षाकाळ निभावतो. तान्ह्यांमध्ये वेगळ्या रक्तगटाचे हृदयही चालू शकते, हे टोरंटोच्या डॉक्टरांनी दाखविले. डुकराच्या जनुकबदल केलेल्या हृदयावर मोठी आशा आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला ते बसविलेला प्रौढ रुग्ण सुमारे दोन महिनेच जगला. तेव्हा त्याची वाट पाहत थांबणे परवडणारे नाही. बालप्रत्यारोपणाचे नजीकचे भवितव्य जिल्ह्याच्या रुग्णालयांवर, पालकांच्या होकारावर आणि औषधांचा आजन्म खर्च उचलणाऱ्या सार्वजनिक योजनेवर अवलंबून आहे. या तिन्ही गोष्टी आजच हाती घेता येण्यासारख्या आहेत.