स्मिथ, सर चार्ल्स ऑब्री

(२१ जुलै १८६३–२० डिसेंबर १९४८). इंग्रज चरित्रनट व त्यापूर्वीचा नामांकित क्रिकेटपटू. नायकाच्या पदरी पडणारी कीर्ती त्याच्या वाट्याला क्वचितच आली; परंतु पलटणीचा वृद्ध अधिकारी, हेकट सरदार, राजाचा विश्वासू सल्लागार, बिशप, न्यायाधीश अशा दुय्यम भूमिकांमधून ‘साहेब’ म्हणून जी एक मूर्ती १९३० नंतरच्या बोलपटांनी जगभर रूढ केली, ती घडविण्यात त्याच्याएवढा वाटा दुसऱ्या कोणा नटाचा क्वचितच असेल.

त्याचा जन्म लंडनमध्ये एका डॉक्टरच्या घरी झाला. चार्टरहाउस शाळा आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स महाविद्यालय येथे त्याचे शिक्षण झाले, तरी विद्यापीठातील त्याचे खरे लक्ष मैदानाकडेच असावे. कारण १८८२ ते १८८५ अशी चारही वर्षे तो केंब्रिजच्या क्रिकेट संघात होता. पुढे ससेक्स परगण्याच्या संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे आले. सहा फुटांहून अधिक उंचीचा हा जलद गोलंदाज मिड-ऑफच्या बाजूने निघून वक्राकार धावत येई आणि पंचाच्या पाठीआडून एकाएकी फलंदाजासमोर प्रकट होई. या चमत्कारिक चालीमुळे त्याला ‘राउंड द कॉर्नर स्मिथ’, म्हणजे कोपऱ्यावरून वळून येणारा स्मिथ, असे टोपणनाव पडले. आयुष्यभर रंगमंचावर प्रवेश करून पोट भरलेल्या या माणसाने प्रवेशाचे महत्त्व नाट्यगृहात पाऊल टाकण्यापूर्वीच ओळखले होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१८८८-८९ च्या हंगामात दक्षिण आफ्रिकेस गेलेल्या इंग्रज संघाचा तो कर्णधार होता. मार्च १८८९ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे झालेल्या सामन्यात त्याने पहिल्या डावात अवघ्या १९ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ४२ धावांत २ गडी बाद केले व इंग्लंडने तो सामना ८ गडी राखून जिंकला. या सामन्याला कसोटीचा दर्जा मागाहून मिळाला, त्यामुळे आपण देशाचे कसोटी कर्णधार झालो आहोत याची त्या दिवशी खुद्द कर्णधारालाच वार्ता नव्हती. आजारपणामुळे तो दुसऱ्या सामन्यास मुकला आणि पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही. आपल्या एकुलत्या एक कसोटीत इंग्लंडचे नेतृत्व केलेला खेळाडू म्हणून क्रिकेटच्या दप्तरात त्याचे नाव आजही वेगळे नोंदलेले असते. दौरा संपल्यावर सोन्याच्या खाणींनी गजबजू लागलेल्या जोहान्सबर्गमध्ये त्याने मुक्काम केला आणि संघातील सहकारी माँटी बोडन याच्यासह समभागांच्या दलालीचा धंदा मांडून पाहिला. पण तेथे तो इतका आजारी पडला की एका स्थानिक वृत्तपत्राने त्याचा मृत्युलेखही छापून टाकला. मृत्युलेख छापून आल्यावर हा मनुष्य जवळजवळ साठ वर्षे जगला, आणि ज्यामुळे तो जगाला माहीत आहे ते सर्व त्याने त्या साठ वर्षांतच केले.

इंग्लंडास परतल्यावर १८९२ च्या सुमारास, वयाच्या तिशीच्या आसपास, त्याने नटाचा पेशा पत्करला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीच्या अखेरीस केंब्रिजचा पदवीधर व परगण्याचा कर्णधार असलेल्या गृहस्थाने नाटक मंडळीत शिरावे, ही गोष्ट कुलीन घराण्यांत कौतुकाची समजली जात नसली तरी पूर्वीइतकी लांच्छनास्पदही उरली नव्हती. १८९५ मध्ये लंडनच्या गॅरिक नाट्यगृहात पिनरोच्या ‘द नोटोरियस मिसेस एब्स्मिथ’ या नाटकातील कामाने त्याचे नाव झाले व पुढील वर्षी ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’च्या नाट्यरूपाशी त्याचा संबंध आला. १९०३ मध्ये किपलिंगच्या कादंबरीवरून रचलेल्या ‘द लाइट दॅट फेल्ड’मध्ये त्याने काम केले, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही वेळोवेळी हजेरी लावली आणि ‘ती फुलराणी’मुळे मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या झालेल्या शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये प्राध्यापक हिगिन्सची भूमिकाही एका पुनःप्रयोगात केली. या काळात तो भरवशाचा, सुस्वर व रुबाबदार नट म्हणून ओळखला जाई. त्यापलीकडे असामान्य म्हणून नव्हे. त्याच्या चेहऱ्याला वार्धक्य आल्याखेरीज त्याच्या कलेला आपले खरे पात्र सापडायचे नव्हते.

मूकपटांत तो १९१५ पासून दिसू लागला. १९२० मध्ये लेस्ली हॉवर्ड व एड्रियन ब्रुनेल यांनी काढलेल्या मिनर्व्हा फिल्म्स या छोट्या संस्थेत तोही सहभागी होता; ए. ए. मिल्नने लिहिलेल्या ‘द बम्प’ या तिच्या लघुपटात त्याने प्रमुख काम केले. परंतु ज्याच्या भांडवलाचा मोठा हिस्सा आवाजात होता, त्या नटाला मूकपट काय देणार? ‘द बॅचलर फादर’ हे नाटक न्यूयॉर्कमध्ये गाजल्यावर १९३१ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरने त्याचा बोलपट काढला, त्यातील आपल्याच भूमिकेसाठी स्मिथ हॉलिवुडास गेला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याची दुसरी, अधिक भरभराटीची कारकीर्द सुरू झाली.

पुढील सतरा वर्षांत त्याने केलेल्या भूमिकांची यादी देण्यात अर्थ नाही. कित्येक चित्रपटांत त्याला दोन-चार प्रसंगांपलीकडे कामही नसे. ‘क्वीन ख्रिस्टिना’ (१९३३) मध्ये ग्रेटा गार्बोचा निष्ठावंत सेवक, ‘लिट्ल लॉर्ड फॉन्टलरॉय’ (१९३६) मध्ये नातवाच्या सहवासाने विरघळणारा तिरसट अर्ल आणि हिचकॉकच्या ‘रिबेका’ (१९४०) मधील कर्नल जूलियन ही कामे विशेष लक्षात राहतात. ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’च्या १९३७ च्या बोलपटात त्याने कर्नल झाप्ट रंगविला. त्या वेळी दुष्ट मायकेलची भूमिका करणाऱ्या रेमंड मॅसीने त्या पात्राविषयी त्याचा सल्ला विचारला असता, आपण या नाटकातील राजकन्या फ्लाव्हियाखेरीज सगळी कामे करून चुकलो आहोत, मात्र हा मायकेल आपल्यालाही कधी नीट साधला नाही, असे उत्तर त्याने दिल्याची कथा प्रसिद्ध आहे.

त्याच्या अभिनयाचे मर्म ज्याला एकाच ठिकाणी पाहावयाचे असेल त्याने झोल्टान कोर्डाचा ‘द फोर फेदर्स’ (१९३९) पाहावा. त्यातील जनरल बरोज क्रिमियाच्या युद्धातली बालाक्लावाची लढाई दर जेवणाच्या वेळी मेजावर पुन्हा लढतो : अक्रोड म्हणजे रशियनांच्या तोफा, अननस म्हणजे सरसेनापती, आणि स्वतः जनरलसाहेब अर्थातच सर्वांच्या आघाडीला. कथानक संपता संपता त्याचा भावी जावई सांगतो की तो विख्यात हल्ला जनरलच्या हुकमाने झालाच नव्हता, घोडा बिथरून उधळला एवढेच. त्या क्षणी स्मिथच्या जाड पांढऱ्या भुवया वर चढतात, पुढे आलेली हनुवटी किंचित खाली येते, आणि वर्षानुवर्षे जपलेली बखर हातची गेल्याची वेदना एकही शब्द न उच्चारता कळून येते. साम्राज्याच्या कैवाऱ्यांसाठी काढलेल्या चित्रपटात साम्राज्याच्या पुराणकथेवरचे इतके मिस्कील भाष्य यावे आणि ते त्या पुराणकथेच्या मूर्तिमंत पुतळ्याकडून यावे, ही गंमत लहान नव्हे.

हिंदुस्थानी प्रेक्षकाला मात्र हा नट एवढ्या निर्मळ मनाने पाहता येणे कठीण होते. ‘द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर’ (१९३५) मधील मेजर हॅमिल्टन, ‘क्लाइव्ह ऑफ इंडिया’ (१९३५) मधील पंतप्रधान आणि ‘वी विली विंकी’ (१९३७) मधील कर्नल या भूमिकांतून तो ज्या राज्याची धुरा वाहताना दिसतो ते राज्य येथल्या लोकांच्या छातीवर बसलेले होते. पडद्यावरचा तो वायव्य सरहद्दीचा मुलूख बहुतांशी कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर उभारलेला असे, आणि तेथील पठाण म्हणजे तांबूस रंग फासलेले गोरे नट. याच वळणाच्या ‘द ड्रम’ (१९३८) या चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे स्मिथने इतक्या जिव्हाळ्याने रंगविलेल्या कर्त्या, कनवाळू साहेबाकडे येथला सुशिक्षित प्रेक्षक कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना येते. तरीही त्याच्या कामात हेटाळणी किंवा क्रौर्य आढळत नाही. आपले राज्य न्याय्य आहे या समजुतीवर त्या पात्रांचा जेवढा भाबडा विश्वास असे, तेवढाच बहुधा नटाचाही होता.

पडद्याबाहेरही तो तीच भूमिका जगत होता. १९३२ मध्ये त्याने हॉलिवुड क्रिकेट क्लब स्थापन केला, ग्रिफिथ पार्कमधील मैदानासाठी इंग्लंडहून गवताचे बी आणविले आणि नव्याने आलेल्या प्रत्येक इंग्रज नटाने सरावाला हजर व्हावे असा जणू शिरस्ताच पाडला. डेव्हिड निव्हन, बोरिस कार्लोफ, नायजेल ब्रूस, रोनाल्ड कोलमन ही मंडळी त्याच्या हाताखाली खेळली. कोल्डवॉटर कॅन्यनमधील त्याच्या घराचे नाव ‘द राउंड कॉर्नर’ असे होते, आणि छपरावरचे वातकुक्कुट यष्टी, बॅट व चेंडू यांचे बनविलेले होते. एकदा स्लिपमध्ये झेल सुटल्यावर त्याने खेळ थांबवून खानसाम्याकरवी चष्मा मागविला, खानसाम्याने तो चांदीच्या तबकातून मैदानात आणला, आणि पुढचाही झेल सुटल्यावर म्हातारबुवांनी त्या मूर्खाने वाचावयाचा चष्मा आणल्याबद्दल आगपाखड केली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी नसली तरी शोभणारी आहे.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर लढण्याजोग्या वयाचे जे इंग्रज नट मायदेशी न जाता कॅलिफोर्नियात राहिले, त्यांच्यावर त्याने उघड टीका केली. इंग्लंड व अमेरिका यांच्यातील स्नेह वाढविल्याबद्दल त्याला १९४४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याआधी १९३८ मध्ये सी.बी.ई. हा बहुमान मिळालेला होता. ईव्हलिन वॉच्या ‘द लव्ह्ड वन’ (१९४८) या उपरोधिक कादंबरीतील सर ॲम्ब्रोज ॲबरक्रॉम्बी हे पात्र त्याच्यावरूनच बेतले आहे असे मानले जाते. परमुलखात आपल्या जमातीची अब्रू राखण्याचा स्वयंघोषित कारभार पाहणाऱ्या माणसाची वॉने मनमुराद चेष्टा केली आहे. लॉर्ड्‌सच्या मैदानावरचा किस्सा मला त्याहून बोलका वाटतो : प्रेक्षकांत बसलेल्या स्मिथकडे बोट दाखवून एका वृद्ध सभासदाने, हा चेहरा ओळखीचा वाटतो, असे म्हटले, तेव्हा शेजाऱ्याने उत्तर दिले, की तो कोणी स्मिथ म्हणून आहे, ससेक्सकडून खेळत असे.

बेव्हर्ली हिल्स येथे न्यूमोनियाने त्याचे निधन झाले तेव्हा ‘लिट्ल विमेन’ हा चित्रपट प्रकाशित व्हावयाचा होता. त्यातील वृद्ध लॉरेन्सच्या भूमिकेत प्रेक्षकांनी त्याला १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, पाहिले. त्याची रक्षा इंग्लंडास नेऊन ससेक्समधील होव्ह येथे, सेंट लेनर्ड चर्चच्या आवारात त्याच्या आईच्या थडग्यात पुरण्यात आली.