चार पदार्थ आणि सरकत्या सीमा

१७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या तीन शेजाऱ्यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. १९१८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि दुसरं महायुद्ध संपताना चक्क पश्चिमेला सरकला. पूर्वेचा मोठा पट्टा सोव्हिएत संघाकडे गेला, बदल्यात जर्मनीचा काही भाग मिळाला. अशा देशात ‘अमुक गावचा अस्सल पदार्थ’ म्हणजे नेमका कुणाचा? पोलंडला कधी गेलात तर चुकवू नयेत असे चार पदार्थ घेऊ आणि त्यांनाच विचारू.

पहिला क्राकूव शहराचा ओबवाझानेक. मैद्याच्या पिठाच्या दोन-तीन वळ्या एकमेकींत पिळून कडं करायचं, ते थोडा वेळ उकळत्या पाण्यात सोडायचं आणि मग भट्टीत भाजायचं. नावातच ही कृती आहे : ‘ओबवाझाच’ म्हणजे उकळत्या पाण्यातून काढणं. वर खसखस, तीळ किंवा जाडं मीठ. काही तासांत ते वातड होतं, म्हणून हातगाडीवरून सकाळी घ्यावं आणि चालता चालता संपवावं. १३९४ सालच्या राजदरबाराच्या हिशेबात राणी यादविगासाठी आणलेल्या ओबवाझानेकची नोंद आहे. १४९६ मध्ये राजा यान ओल्ब्राख्तने ही कडी भाजण्याचा हक्क फक्त क्राकूवच्या भट्टीवाल्यांना दिला. याच शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख येतो. तेही आधी उकळून मग भाजलेलं कडंच. पुढे ज्यू स्थलांतरितांबरोबर बेगल अमेरिकेत गेलं आणि जगभर पोचलं. ओबवाझानेक मात्र क्राकूवमध्येच राहिलं.

दुसरा पोझनानचा रोगाल, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची गोड, पदर सुटणारी पाव-पेस्ट्री. आत पांढरी खसखस, सुका मेवा आणि संत्र्याच्या सालीचा पाक. पोलंडमध्ये इतरत्र बहुतेक करडी-काळी खसखस वापरतात. इथे मात्र आपल्या अनारशावर असते तशी पांढरी. ११ नोव्हेंबरला, म्हणजे संत मार्टिनच्या सणाला, गावात रोगालसाठी रांगा लागतात. गोष्ट अशी सांगतात की १८९१ मध्ये संत मार्टिन चर्चच्या धर्मगुरूंनी गरिबांसाठी काहीतरी करा असं आवाहन केलं आणि एका भट्टीवाल्याने हे रोगाल केले. श्रीमंतांनी विकत घ्यावेत, गरिबांना फुकट मिळावेत. तेव्हा पोझनान जर्मन साम्राज्यात होतं आणि शाळांमधून पोलिश भाषा हद्दपार होत होती. पुढे १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला तो दिवसही नेमका ११ नोव्हेंबरच मानला गेला. त्यामुळे आज रोगालच्या रांगेत सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्रच उभे असतात.

तिसरा लुब्लिनचा त्सेबुलाश. ‘त्सेबुला’ म्हणजे कांदा. वीतभर रुंदीची गव्हाची चपटी, मऊ भाकरी, वर बारीक चिरलेला कांदा आणि खसखस. गरम असतानाच खावी, कांद्याचा गोडवा तेव्हाच कळतो. ही मुळात लुब्लिनच्या ज्यू भट्ट्यांमधली चीज. दुसऱ्या महायुद्धाआधी शहरात सुमारे ४३,००० ज्यू राहत होते, म्हणजे जवळपास दर तिसरा माणूस. १९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये नाझींनी तिथली ज्यू वस्ती रिकामी केली आणि बहुतेकांना बेउझेत्सच्या छावणीत नेऊन मारलं. भाकरी शहरात उरली, ती शिकवणारे उरले नाहीत. आज ती लुब्लिनची ओळख म्हणून अभिमानाने विकली जाते.

चौथा पिएरोगी रुस्किए. उकडलेल्या मोदकासारखी पारी, पण आकार करंजीचा. आत बटाटा, कोरड्या आंबट पनीरासारखं त्वारूग आणि परतलेला कांदा. नाव ऐकून ‘रशियन’ वाटतं, पण इथला ‘रुस’ म्हणजे ल्वूव शहराभोवतीचा रुथेनिया हा जुना प्रांत. १९४५ नंतर ल्वूव सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं. तिथल्या पोलिश कुटुंबांना पश्चिमेकडे हलवण्यात आलं. त्यांतली अनेक व्रोत्सवाफमध्ये, जर्मनांना हुसकावून रिकाम्या केलेल्या घरांत राहू लागली. घर गेलं, गाव गेलं; पिएरोगी बरोबर आले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पोलंडमधल्या काही हॉटेलांनी मेनूवरचं ‘रुस्किए’ खोडून ‘युक्रेनी’ लिहिलं.

याच पूर्वेकडच्या पट्ट्यातून १९४० पासून सोव्हिएत सत्तेने लाखो लोकांना सैबेरियात आणि मध्य आशियात पाठवलं होतं. त्यांतले काही हजार, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोचले आणि १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना परत जायला गावच उरलं नव्हतं. ते आता दुसऱ्या देशात होतं.

ओबवाझानेक, रोगाल आणि त्सेबुलाश यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला आहे तसंच. त्या नियमांत व्यास, पीठ, कांद्याचं प्रमाण, तालुक्यांची हद्द सगळं लिहिलेलं असतं. ‘हा पदार्थ कुठला’ याचं उत्तर त्यातून मिळतं. ‘हा कुणी केला, आणि ती माणसं कुठे गेली’ याचं उत्तर मिळत नाही. ते लुब्लिनच्या भट्टीसमोर गरम त्सेबुलाश हातात घेऊन आपणच विचारायचं असतं.