अहमदनगरचा विजेता आणि कॅथलिकांची मुक्तता

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की चांदबिबीचे शौर्य आठवते, १९४२ साली तेथे स्थानबद्ध झालेले राष्ट्रीय पुढारी आठवतात. १८०३ च्या ऑगस्टमध्ये हा किल्ला शिंद्यांकडून जिंकून घेणारा इंग्रज सेनानी मात्र आपल्या कॅथलिक घरांत सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक आपल्या धर्मबांधवांच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो सेनानी म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला.

१७६९ साली आयर्लंडमधील एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याने पायदळाप्रमाणेच हलक्या घोडदळाच्या पलटणींतही अधिकारीपद भूषविले आणि १७९० मध्ये तो आयरिश पार्लमेंटचा सभासद झाला. १७९७ साली तो हिंदुस्थानात आला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी त्याच्या सैन्याने तटाला शिड्या लावून नगरची पेठ घेतली. मग तोफांचा मारा सुरू झाला आणि १२ तारखेस किल्ला शरण आला. पुढच्याच महिन्यात असईची लढाई झाली. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला, तेव्हा ब्रिटिश सेनेचा नायक हाच होता.

१८२८ साली वेलिंग्टन पंतप्रधान झाला. कॅथलिकांना त्या काळी पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. सभासदाला जी शपथ घ्यावी लागे, तीत ख्रिस्तप्रसादाविषयीची आपली श्रद्धा नाकारावी लागे. प्रामाणिक कॅथलिकाने ती घ्यावी कशी? त्याच वर्षी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील निवडून आला. त्याच्या पाठीशी गरीब कुळांची शिस्तबद्ध चळवळ उभी होती. त्याला दाराबाहेर ठेवले तर आयर्लंड पेटणार, हे वेलिंग्टनने ओळखले.

तोवर तो स्वतः या मागणीला अनुकूल नव्हता. परंतु यादवी युद्ध म्हणजे काय, हे रणांगणे पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याने हट्ट सोडला. राजा चौथा जॉर्ज अडून बसला, तेव्हा राजीनाम्याची तयारी दाखवून त्याला वळविले. लॉर्ड विंचिल्सी याने हेतूंवर शिंतोडे उडविले, तेव्हा या साठीच्या उंबरठ्यावरील पंतप्रधानाने २१ मार्च १८२९ रोजी त्याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व केले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. १३ एप्रिल रोजी कॅथलिक मुक्ततेच्या कायद्यावर राजाची संमती उमटली.

मग वेलिंग्टनला आपण कॅथलिकांचा कैवारी म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सोबतच्या दुसऱ्या कायद्याने आयर्लंडमधील मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली. ज्या गरिबांनी ओकॉनेलला निवडून दिले, त्यांचेच मत गेले. मुक्ततेच्या कायद्यातही येशूसंघीय व इतर व्रतस्थ पुरुषांवर निर्बंध घातले होते. ते १९२६ पर्यंत रद्द झाले नाहीत. पुढे ज्यूंना पार्लमेंटमध्ये प्रवेश देण्यास त्याने विरोधच केला. आणि आपल्या भूमीवर तर तो परक्या सत्तेचा सेनापती म्हणूनच आला होता.

तरीही प्रसंग ओळखून स्वतःचे मत बदलणे, त्यासाठी स्वपक्षीयांचा रोष पत्करणे, हे सोपे नसते. तेवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. अधिक श्रेय मात्र शस्त्र न उचलता सरकारला नमविणाऱ्या त्या आयरिश कुळांचे.

ज्या येशूसंघीयांवर त्या कायद्याने संशय घेतला, त्यांच्यापैकीच जर्मन फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली याच नगर जिल्ह्यातील केंदळ येथून 'निरोप्या' सुरू केला. वेलस्लीच्या तोफा नगरात धडाडल्या, त्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. त्या तोफांनी घेतलेला किल्ला पुढे इंग्रजांच्या हातून गेला. मराठीतून शुभवर्तमान सांगणाऱ्या त्या मासिकाचे ऋण मात्र आपली घरे अद्याप बाळगून आहेत.